आझाद मैदानात गाझा: आधी आपली गटारं, मग जगाची उठाठेव?

परळकर
२० ऑगस्ट २०२५ ला आझाद मैदानात डाव्या पक्षांनी इस्रायलच्या हल्ल्यांविरुद्ध, गाझासाठी सभा घेतली. मी गेलो होतो. कुठल्याच पक्षाचा सभासद नाही, पण परवानगीसाठी जे रामायण झालं ते वाचून म्हटलं, आता जायचंच.

ज्यांच्या कानावर नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अखिल भारतीय शांतता व एकजूट संघटनेने पोलिसांकडे अर्ज केला, तो जूनमध्ये फेटाळला गेला. माकप हायकोर्टात गेला. २५ जुलैला न्या. रवींद्र घुगे आणि न्या. गौतम अंखड यांच्या खंडपीठाने याचिका फेटाळली आणि वर चार शब्द ऐकवले: हजारो मैलांवरचं गाझा कसलं बघता, आपल्याकडे कचरा, प्रदूषण, गटारं, पूर आहे, त्यावर आवाज उठवा, देशभक्त व्हा. ऑगस्टमध्ये पुन्हा कोर्टाची पायरी चढल्यावर पोलिसांनीच परवानगीची तयारी दाखवली.

सभेच्या आदल्या दिवशी मुंबई तुंबलेली. मोनोरेल माणसांसकट अधांतरी अडकली होती. म्हणजे दोन महिने गाझावर गप्प बसवूनही गटारं काही वाहती झाली नाहीत!

नालेसफाईसाठी वॉर्ड ऑफिसचे उंबरे झिजवणाऱ्यांपैकी मी आहे. मैदानात चिखलात उभे असलेले कितीतरी चेहरे गिरणी कामगारांच्या घरांच्या मोर्चात आणि झोपडपट्टीच्या पाण्याच्या मोर्चात बघितलेले. ज्याला शेजारच्या वस्तीचं दुखणं कळतं त्यालाच बहुधा लांबचंही कळतं. तुम्हाला काय वाटतं?

सरळमार्गी
मला वाटतं की हा हौशी मामला आहे. इस्रायलच्या नेतन्याहूंना आझाद मैदानातली घोषणा ऐकू जाते का? तुम्ही भिजलात, फोटो निघाले, घरी जाऊन आल्याचा चहा घेतलात. गाझातल्या एका माणसाला त्याने भाकरी मिळाली का?

दुसरं. सुदानमध्ये २०२३ पासून कत्तली चालू आहेत. त्यासाठी कधी छत्री उघडलीत? बांगलादेशातल्या हिंदूंसाठी? तुमची करुणा पत्ता बघून पाझरते, हे लोकांना दिसतं. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने सुमारे १,२०० माणसं मारली, २५१ ओलीस नेले. त्यांच्यासाठी एखादा फलक होता का? आणि २६/११ ला नरिमन हाउस या ज्यूंच्या केंद्रात ज्यू म्हणून माणसं वेचून मारली, ते कुलाब्यातलं घर मैदानापासून काही फार लांब नाही.

परळकर
ओलिसांचा फलक मी होतो तोवर मला दिसला नाही. असायला हवा होता. पण नरिमन हाउसचा हिशेब गाझातल्या पोरांकडून का वसूल करायचा, हे समजावून सांगा. तो हल्ला लष्कर-ए-तैयबाने केला, पाकिस्तानातून. जुलै २०२५ अखेर गाझाच्या आरोग्य खात्याचा मृतांचा आकडा साठ हजारांवर गेला, त्यात बायका-मुलं किती हे तुम्हीही वाचलं असेल.

कायदेकानू
भावना बाजूला ठेवून जरा कागदावर या. जुलैत याचिका पडली त्यात एक तांत्रिक मुद्दा होता: पोलिसांकडे अर्ज एका संघटनेचा आणि कोर्टात दाद मागणारा दुसराच. गटारांवरचे बोल सुनावणीतले, तो काही कायदा नव्हे. पेपरांनी मात्र तेवढेच उचलले.

खरा मुद्दा वेगळा आहे. सरकारच्या परराष्ट्र धोरणाविरुद्ध सभा नको, असं पोलिसांचं म्हणणं होतं. घटनेत ‘परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध’ हे कारण भाषणस्वातंत्र्यावरच्या मर्यादांत आहे, ते १९५१ च्या पहिल्या दुरुस्तीने आलं. शांततेने, बिनहत्यारी जमण्याच्या हक्कावर ज्या मर्यादा आहेत, कलम १९(३), त्यांत ते नाही. तिथे देशाची अखंडता आणि सार्वजनिक सुव्यवस्था एवढंच. तेव्हा एखाद्या वक्त्याचं भाषण तपासा हवं तर. मैदानात जमूच नका, हे कशाच्या आधारावर?

आणि धोरणाविरुद्ध म्हणजे नेमकं कुठल्या? भारताने १९८८ मध्ये पॅलेस्टाईनला राष्ट्र म्हणून मान्यता दिलीय. मोदी २०१८ मध्ये पॅलेस्टाईनच्या रामल्लाला जाऊन आले. मग जून २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांत युद्धबंदीच्या ठरावाला १४९ देशांनी होकार दिला, तेव्हा आपण तटस्थ. माणसाने कुठल्या धोरणाशी निष्ठा दाखवायची, ते तरी एकदा सांगा.

सोलापुरी चादर
गटारं आधी म्हणणाऱ्यांनी एकदा आमच्या सोलापुरात या, डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं जन्मघर आहे. १९३८ मध्ये काँग्रेसने चीनला पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं त्यातले ते. तेव्हा देश गुलाम, घरात अठराविश्वे दारिद्र्य. ‘आधी स्वराज्य मिळू दे, मग चीनचं बघू’ असं म्हणायला केवढी जागा होती! तरी लोकांनी वर्गणी काढून औषधं धाडली. कोटणीस १९४२ मध्ये तिकडेच वारले, परत आले नाहीत. आज त्यांचं नाव निघालं की सगळ्या पक्षांचे पुढारी हार घेऊन हजर.

सरळमार्गी
सोलापूरकर ताई (की दादा?), तुम्हीच माझं काम केलंत. कोटणीस गेले. हातात शस्त्रक्रियेची हत्यारं होती, फलक नव्हता. इथे काय चाललंय? पिझ्झाच्या दुकानासमोर इस्रायलविरोधी बहिष्काराची पत्रकं वाटायची. दुकान चालवणारी कंपनी भारतातली, काउंटरला उभा मुलगा नांदेडचा नाहीतर बिहारचा. त्याचा धंदा पाडून तेल अवीवचं काय वाकडं होणार?

गोदीवाला
तीस वर्षं बंदरात घालवली, म्हणून बोलतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये आमच्या जलवाहतूक कामगार महासंघाने जाहीर केलं की इस्रायलला जाणारा शस्त्रास्त्रांचा माल आम्ही चढवणार-उतरवणार नाही. ११ मोठी बंदरं, साडेतीन हजार कामगार. वाचून छाती फुगली. बहिष्कारात दम असतो तो अशा ठिकाणी, जिथे हात लावल्याशिवाय काम पुढे सरकत नाही.

पण आता आतली गोष्ट ऐका. कंटेनर येतो तो सीलबंद. क्रेनवर बसलेल्याला खाली नुसता नंबर दिसतो. आत आंबे की तोफगोळे, ते कागद एजंटाकडे आणि कस्टमकडे. खासगी बंदरांत, खासगी टर्मिनलवर युनियनला कोणी विचारत नाही, आणि माल हल्ली जास्त तिकडूनच जातो. ‘मारियान डॅनिका’ नावाचं जहाज चेन्नईहून इस्रायलच्या हैफाला स्फोटकं घेऊन निघालं होतं. अडवलं कोणी? स्पेनने, मे २०२४ मध्ये, कार्टाजेना बंदरात थांबू दिलं नाही. म्हणजे आपल्याकडून ते बिनबोभाट सुटलं होतं.

तेव्हा मैदानात जायचं तर जा, पण मागणी अशी करा की ज्याला सरकारला उत्तर द्यावं लागेल: इथून काय माल जातो त्याची यादी जाहीर करा. ‘मुक्त करा, मुक्त करा’ने काही हलत नाही.

सरळमार्गी
गोदीवाल्यांचं पटलं, निदान ते हवेत बोलत नाहीत. यादी मागा, माझी हरकत नाही. पण असला व्यवहार देशाच्या संरक्षणाशी जोडलेला असतो हेही विसरू नका. कारगिलच्या वेळी इस्रायल मदतीला आला होता.

रेवदंडा
आमच्या आळीत बेने इस्रायलींची, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंची, घरं होती. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनिवार तेली’. शेजारचं कुटुंब १९६० नंतर गेलं, आता इस्रायलमध्ये अश्दोदला. नातवंडांना मराठी येत नाही, पण मलिद्याच्या ताटाचा फोटो अजून येतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांच्याकडून जो मेसेज आला त्यात फक्त सायरनचं रेकॉर्डिंग होतं, शब्द नव्हते. म्हणून तुमच्या सभांतल्या घोषणा ऐकताना मला बरं वाटत नाही. ‘झायोनिस्ट’ (ज्यू राष्ट्राचे समर्थक) म्हणून जो हात उगारला जातो, तो रस्त्यात कोणाच्या दिशेने वळेल याचा भरवसा नसतो. भायखळ्याच्या सिनेगॉगबाहेर, ज्यूंच्या प्रार्थनास्थळाबाहेर, पोलीस उगीच नसतो.

सरळमार्गी
हेच मी मघापासून सांगतोय!

रेवदंडा
नाही हो, तुम्ही वेगळं सांगताय. मला तुमच्या बाजूला ओढू नका.

सभा घेऊ नका असं मी म्हणत नाही. आमचीच माणसं १९५१ मध्ये तेल अवीवला धरणं धरून बसली होती. तिथे दुजाभाव सोसावा लागला, ‘आम्हाला मुंबईला परत पाठवा’ एवढीच मागणी. दुसऱ्या वर्षी काही कुटुंबांना विमानाने परत आणलं. पुढे १९६४ मध्ये जेरुसलेमला पुन्हा बसली, कारण तिथले धर्मगुरू त्यांना लग्नापुरते पक्के ज्यू मानायला तयार नव्हते. तेव्हा धर्मगुरूंना माघार घ्यावी लागली. इस्रायलच्या सरकारपुढे न्याय मागायला रस्त्यावर बसलेली माणसं मराठी बोलत होती. त्यामुळे त्या सरकारवर टीका म्हणजे ज्यूंचा द्वेष, हे मला कोणी शिकवू नये. मात्र माझी शेजारीण आणि तिचं सरकार यांत फरक करणारं एक वाक्य तरी मैदानातल्या माइकवरून यावं.

परळकर
हे पटलं. आयोजकांपैकी दोघं ओळखीचे आहेत. गोदीवाल्यांची यादीची मागणी आणि तुमचं हे, दोन्ही लेखी देतो.

सरळमार्गी
आणि ओलिसांसाठी दोन मिनिटं शांतता. तेवढं करा, पुढच्या सभेला मी स्वतः येतो, पावसात.

परळकर
सुचवीन, मनापासून. पण अट म्हणून नाही. पहलगामचा निषेध करायला मी गेलो तेव्हा आधी सुदानचं बोला असं तुम्ही म्हणाला नव्हता.

सरळमार्गी
पहलगाम आपल्या घरातलं आहे, त्याची तुलना करता हेच मला खटकतं. अट नाही म्हणता ना? मग मी येत नाही.