लग्नपत्रिकांसाठी एआय चित्रनिर्मिती घरी शिकायची आहे. अभ्यासाचा क्रम सुचवावा

पत्रिकावाला : रविवार कारंजाजवळ आमचे लग्नपत्रिका आणि फ्लेक्सचे दुकान आहे. कोरलड्रॉ हाताखालचे आहे, परंतु चित्रनिर्मितीतले मला काहीही कळत नाही. चातुर्मासात मुहूर्त नसल्यामुळे काम थंडावते, तेव्हा रोज रात्री एक तास अभ्यासाला देता येईल. लॅपटॉपमध्ये ४ जीबीचे ग्राफिक्स कार्ड आहे आणि एकूण खर्च २,००० रुपयांच्या आत बसवायचा आहे. सुरुवात कुठून करावी?

सातपूरकर : ४ जीबीवर वेळ दवडू नका. मी आरटीएक्स ३०६० हे १२ जीबीचे कार्ड घेतले आणि एसडीएक्सएलची (स्टेबल डिफ्यूजन या चित्रनिर्मितीच्या मॉडेलची मोठी आवृत्ती) १०२४ बाय १०२४ पिक्सेलची चित्रे त्यावर विनातक्रार निघतात. वीजबिलावरून घरात बोलणी खावी लागतात, हे खरे.

दुधाने_पोळलेला : कार्ड घ्या अथवा घेऊ नका, शिकवणी मात्र लावू नका. मी १५,००० रुपये भरले आणि तीन रविवार तयार प्रॉम्प्टची, म्हणजे चित्रासाठी लिहून द्यायच्या वर्णनांची, छापील यादी वाचून दाखवण्यात गेले. 'सीड' म्हणजे काय, असे विचारले तेव्हा तो विषय पुढच्या तुकडीत आहे, असे उत्तर मिळाले.

गोदाकाठ : सीड म्हणजे चित्राची सुरुवात ज्या विस्कळीत ठिपक्यांपासून होते, त्यांचा क्रमांक. पहिला महिना एवढेच करा : सीड आणि बाकीची मांडणी कायम ठेवून प्रॉम्प्टमधला एकच शब्द बदला आणि काय बदलले ते वहीत लिहा. मग स्टेप्स (ठिपक्यांतून चित्र साफ करण्याच्या फेऱ्या) आणि सीएफजी (प्रॉम्प्ट किती काटेकोरपणे पाळायचा) यांचे आकडे असेच एकेक करून हलवून पाहा. कंट्रोलनेट हे जोडमॉडेल त्यानंतर घ्या, कारण त्यामुळे हाताने काढलेल्या रेघांवरून चित्राची मांडणी बांधता येते आणि पत्रिकेच्या कामात तेच उपयोगी पडते. कॅगल या संकेतस्थळावर आठवड्याला सुमारे ३० तास जीपीयू (ग्राफिक्स कार्डाचे काम करणारा दूरचा संगणक) फुकट मिळतो, त्यामुळे कार्डाचा प्रश्नच उरत नाही.

नथवाली : मुंडावळ्या मागितल्या की कपाळावर मुकुट येतो आणि नऊवारीचा घागरा होतो, याबद्दल कोणीच का बोलत नाही? मी स्वतःचे पंचवीस फोटो वापरून लोरा, म्हणजे मॉडेलला नवी गोष्ट शिकवणारी छोटी पुरवणी, तयार केला, तेव्हा कुठे काष्टा दिसू लागला. ग्राहकांचे फोटो वापरायचे असतील, तर त्यांची परवानगी आधी घ्यावी.

सातपूरकर : लोरा करायला १२ जीबी असलेले बरे, म्हणजे मी तेच सांगत होतो.

दुधाने_पोळलेला : नऊवारीचे राहू द्या, अक्षरांचे पाहा. 'शुभविवाह' लिहून मागितले, तर वेलांट्या आणि काने कुठेही चिकटून येतात. मजकूर कोरलड्रॉमध्येच बसवावा.

पत्रिकावाला : सर्वांचे आभार. कॅगलवर खाते उघडले होते, परंतु आमच्याकडे संध्याकाळी इंटरनेट वारंवार तुटते आणि सत्र बंद पडले की सगळे पुन्हा मांडावे लागते. म्हणून काल लॅपटॉपवरच स्टेबल डिफ्यूजनची जुनी १.५ आवृत्ती कमी मेमरीच्या पर्यायासह चालवली. उभ्या पत्रिकेसाठी ५१२ बाय १०२४ मागितले, तर नवरदेवाच्या कमरेखाली दुसरा नवरदेव उगवला, तोही फेट्यासकट. ही आवृत्ती ५१२ बाय ५१२च्या चित्रांवर घडवलेली असल्यामुळे जास्तीच्या उंचीत ती तीच आकृती पुन्हा काढते, असे शोधाअंती कळले. आता चित्र चौकोनीच काढून वरची आणि खालची नक्षी कोरलड्रॉमध्ये जोडणार आहे. सीडची वही घातली आहे. ४ जीबीवर तीन महिने असेच काम करीन आणि २,००० रुपये तूर्त खिशातच ठेवीन.

गोदाकाठ : आपली मर्जी. चित्र आधी ५१२ बाय ७६८वर काढून मग वाढवले, तर दुसरा नवरदेव सहसा येत नाही, एवढे वहीत लिहून ठेवा.

नवा_सदस्य : वरचे सगळे वाचलेले नाही, परंतु १२ जीबीचे एखादे कार्ड घेण्याचा विचार केला आहे का?