मदत हवी आहे: दुसरीचं आरीकाम जसंच्या तसं करून द्यायचं का?

मैत्रिणींनो, मी कथकच्या ड्रेसवर आरीकाम, म्हणजे आकड्याच्या सुईने भरतकाम, करते. परवा एक ताई लेकीच्या जॅकेटसाठी मोबाइलवर फोटो घेऊन आल्या. "अगदी अस्संच हवं." कोयरीच्या पोटात मागे वळून बघणारा मोर, पिसाऱ्याच्या डोळ्यांत बारीक टिकल्या, कडेला दुहेरी साखळीटाका. फोटो मोठा केला आणि काम ओळखलं! आमच्याच गावातल्या एका बाईंचं.

कोयरी नि मोर कुणाच्या बापाचे नाहीत, पैठणीच्या पदरावरही आहेत. पण ती मान तशी वळवणं त्यांचंच. त्यावर त्यांनी किती रात्री घालवल्या असतील, मला कळतं.

भाचा वकील आहे. तो म्हणाला, 2000 च्या डिझाइन कायद्याखाली नोंदणी केली तर आधी 10 वर्षं हक्क मिळतो, पुढे 5 वर्षं वाढवता येतो. आपल्यात नोंदणी करतंय कोण म्हणा!

फक्त रंग बदलले तर ती नक्कलच ना? बाईंना फोन करून विचारू, की ताईंना सरळ त्यांच्याकडेच पाठवू? आगाऊ पैसे घेऊन बसलेय. खाका, म्हणजे नक्षी कापडावर उतरवायचा कागद, टोचायला घेतला होता, मोराच्या मानेपाशी येऊन सुई खाली ठेवलीय. तुम्ही काय केलं असतंत?