डेटा गेटवे दर महिन्याला अपडेट करायचा, की चालतोय तोवर हात लावायचा नाही?

भोसरीचा_सर्व्हरवाला:
मंडळी, आमचा सगळा डेटा कारखान्यातल्याच सर्व्हरवर आहे: एसक्यूएल सर्व्हर आणि एक जुनं ओरॅकल, असे दोन डेटाबेस. साहेब लोक मात्र रिपोर्ट बघतात पॉवर बीआयवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या रिपोर्ट बनवायच्या-बघायच्या सेवेवर, क्लाउडमध्ये. मधला दुवा मायक्रोसॉफ्टचा ऑन-प्रिमायसेस डेटा गेटवे. त्याची नवी आवृत्ती दर महिन्याला येते आणि टीममधली नवी पोरं ती आल्या आल्या टाकायला बसतात. मला हे पटत नाही. सपोर्ट शेवटच्या सहा आवृत्त्यांना असतो. तीन महिन्यांतून एकदा, तीही इतरांनी वापरून झालेली आवृत्ती टाकली तरी आपण नियमात बसतो.

आणि आमच्या तारखा बघा. महिन्याचे पहिले पाच दिवस क्लोजिंग, ११ ला जीएसटीचं जीएसटीआर-१ रिटर्न, २० ला ३बी. यात प्रयोग करायला जागा कुठे आहे? १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशिन्स निळा स्क्रीन दाखवून बंद पडली, विमानं अडकली. घाईचं फळ.

रात्रपाळी:
असहमत. क्राउडस्ट्राइकचा दाखला इथे लागू पडत नाही. ते अपडेट कंपनीने परस्पर सगळीकडे ढकललं होतं. गेटवेचा इन्स्टॉलर तुम्हीच उतरवता, तुम्हीच चालवता, वेळ तुम्हीच ठरवता.

उलटा दाखला देतो. इक्विफॅक्स, लोकांच्या कर्जाची माहिती ठेवणारी अमेरिकन कंपनी, २०१७. त्यांच्या वेबसाइटमागच्या अपाची स्ट्रट्स या सॉफ्टवेअरमधल्या भोकावर पॅच, म्हणजे दुरुस्ती, मार्चमध्येच आला होता, तो लागला नाही, मे महिन्यात चोर आत शिरले. सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती गेली. 'चालतंय ना, मग राहू दे' याची किंमत अशी असते.

रोजची अडचण तर वेगळीच आहे. पॉवर बीआय डेस्कटॉप, म्हणजे लॅपटॉपवर रिपोर्ट बनवायचं सॉफ्टवेअर, ज्यांनी मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून घेतलंय त्यांचं ते आपोआप पुढे सरकतं. क्वेरी चालवणारं मॅशअप इंजिन डेस्कटॉपमध्येही असतं आणि गेटवेमध्येही. पोरगं नव्या डेस्कटॉपवर क्वेरी लिहितं, त्याच्याकडे मस्त चालते, क्लाउडवर पब्लिश केली की रात्रीच्या रिफ्रेशला, म्हणजे ताजा डेटा ओढताना, जुन्या गेटवेवर आपटते. पहाटे फोन मला येतो, तुम्हाला नाही. शिवाय तीन महिन्यांचे बदल एकदम घेतले आणि काही बिघडलं, तर नेमकं कशाने ते शोधत बसा.

खातेवहीवाली:
मी अकाउंट्समध्ये आहे, तांत्रिक काही कळत नाही, पण तुम्हा दोघांवरही राग आहे. तुम्ही महिन्याला करा नाहीतर वर्षाला, आम्हाला कुणी सांगतच नाही! अपडेटच्या वेळी गेटवेची सर्व्हिस थांबते, तेव्हा चालू असलेलं रिफ्रेश पडतं. रिपोर्ट मात्र उघडतो, दिसतो अगदी ठणठणीत, आकडे कालचे. येणे बाकीची यादी बघून पार्टीला तगादा लावला तर ती म्हणते, मॅडम, पैसे कालच भरले. तेव्हापासून शेवटचं रिफ्रेश किती वाजता झालं ते आधी बघते, मगच फोन उचलते.

भोसरीचा_सर्व्हरवाला:
ताई, तुमचं म्हणणं रास्त आहे, पण त्याने माझीच बाजू भक्कम होते. वर्षातून चार वेळा सर्व्हिस थांबेल, बारा वेळा नाही.

जुनाट_कन्सल्टंट:
वाद चालू द्या, पण एक प्रश्न: तुमच्या गेटवेची रिकव्हरी की कुठे आहे? गेटवे पहिल्यांदा बसवताना जो परवलीचा शब्द टाकला होता तो; गेटवे दुसऱ्या मशिनवर हलवायला तोच लागतो. दहापैकी आठ ठिकाणी हा प्रश्न विचारला की लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

नाशिककडच्या एका कारखान्यात मला बोलावलं तेव्हा गेटवेच्या मशिनची डिस्क गेलेली होती. बसवणारा व्हेंडर काम सोडून गेलेला, की त्याच्याबरोबर. ती मायक्रोसॉफ्टलाही काढून देता येत नाही. डेटा सोर्सचे, म्हणजे जोडलेल्या डेटाबेसचे, पासवर्ड क्लाउडमध्ये साठवले जातात खरे, पण उलगडतात ते गेटवेकडच्या किल्लीनेच. शेवटी नवा गेटवे बसवला, एकेक सोर्स पुन्हा जोडला, पासवर्ड पुन्हा टाकले. ओरॅकलचा पासवर्ड ज्यांना पाठ होता ते गृहस्थ निवृत्त होऊन गावी गेलेले. त्यांच्या मुलाच्या फोनवरून तो मिळाला.

दुसरं म्हणजे क्लस्टर करा, म्हणजे दोन मशिन्सवर गेटवे बसवून ते एकत्र जोडा. एक मशिन पोर्टलवरून डिसेबल करा, हातातलं काम संपू द्या, अपडेट करा, पुन्हा चालू करा, मग दुसरं. रिपोर्ट बघणाऱ्याला पत्ताही लागत नाही. क्लस्टरमध्ये दुसरं मशिन जोडायलासुद्धा तीच की लागते.

भोसरीचा_सर्व्हरवाला:
की आमच्याकडे सीलबंद पाकिटात तिजोरीत आहे. क्लस्टरचं मात्र बोलायला सोपं. गेटवे फुकट, विंडोज सर्व्हरचं लायसन्स फुकट नाही. दुसरं मशिन मागायला गेलो की वरून एकच उत्तर: आहे ते चालतंय ना?

रात्रपाळी:
निदान चाचणीसाठी तरी एखादा ६४-बिट विंडोजचा पीसी अडवा, स्लीप बंद करून. एका मशिनवर स्टँडर्ड गेटवे एकच बसतो, त्यामुळे वेगळा पीसी लागणारच. दर महिन्याला आधी तिथे टाका, ओरॅकलची एक क्वेरी चालवून बघा. ओरॅकलला जोडणारे ड्रायव्हर आणि गेटवेच्या कॉन्फिग (सेटिंगच्या) फाइलमध्ये हाताने केलेले बदल अपडेटनंतर तपासायलाच हवेत. दोन दिवस काही झालं नाही, की मुख्य मशिनवर.

भोसरीचा_सर्व्हरवाला:
पीसीवर दर महिन्याला, मान्य. मुख्य मशिनवर तीन महिन्यांनीच. डेस्कटॉप मी सगळ्यांच्या लॅपटॉपवरून स्टोअरचं काढून इन्स्टॉलरने टाकतो, म्हणजे आपोआप पुढे पळणार नाही.

रात्रपाळी:
म्हणजे एक गेटवे वाचवायला आता सगळ्यांचे लॅपटॉप थोपवायचे? मार्केटिंगवाले तुम्हाला जेवू देणार नाहीत.

खातेवहीवाली:
मार्केटिंगचं त्यांचं ते बघतील. अपडेटच्या आदल्या दिवशी ग्रुपवर दोन ओळी कोण टाकणार, ते आधी ठरवा.