घरचा ग्रुप: पोट्टी काहून चूप हाये

मामी: आमच्या दहावीवालीचं काय चालू हाये कोनाले मालूम हाये का. आठ दिवस झाले शाळेत जात नाही, पोट दुखते म्हनते, डॉक्टरले दाखवलं त काहीच नाही. आज तांदूळ काढाले कोठीत हात घातला त तिचा फोन सापडला, बंद, जुन्या लुगड्याच्या चिंधीत गुंडाळलेला

मोठे काका: मोबाईल काढून घ्या. मी त तवाच म्हनलो होतो

ताई अमरावती: काका, फोन तिनंच सोडला, तुमी आता काय काढून घेता. काल माह्यासंग बोलली ती. गॅदरिंगच्या फोटोतलं तिचं तोंड कापून कोन्या बाईच्या घान फोटोले लावलं, तिच्या नावानं इन्स्टावर खोटं अकाउंट काढलं अन खाली पोट्टे भाव विचारून राह्यले. एसटीत मागच्या सीटवरून हाका मारतात. म्हनून पोट दुखे. फोन वाजला का ताटावरून उठे, अन आपन म्हनलो पोरगी माजली

मामा: लिंक टाक बरं इथं

ताई अमरावती: नाही मामा. "पाहा किती वाईट" म्हनून फिरवलं का अजून दहा फोनात जाते. लहान पोरीचा असा फोटो पुढं ढकलनं हाच गुन्हा हाये, आयटी कायदा कलम ६७ब

मोठे काका: मंग त्या पोट्ट्याले चार लगावतो, डिलीट करते का नाही पाहू

ताई अमरावती: डिलीट केलं त पोलिसाले काय दाखवसान? अकाउंटचं नाव, लिंक, तारीख लिहून ठेवली मी, कमेंटचे स्क्रीनशॉट घेतले. इन्स्टाले रिपोर्ट केला. उद्या सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार टाकतो, नाही जमलं त १९३० हा सायबर हेल्पलाइनचा नंबर हाये, अन ठान्यात काका तुमी चला संग, पन ओरडू नका तिथं

मामी: बदनामी होईन ना बाई. गाव लहान

ताई अमरावती: बाई-लेकराची तक्रार त्या पोर्टलवर नाव न देता बी होते मामी. अन गावाले आधीच मालूम हाये, आपल्यालेच नव्हतं

मामी: काल म्हने मी नसती त बरं झालं असतं. मले वाटलं रागात बोलली

ताई अमरावती: मामी हे आधी सांगाचं ना!! आज तिच्यापाशी झोपा. असं काही मनात येते का, सरळ विचारा, विचारल्यानं वाढत नाही. १४४१६ लावा, टेलिमानस, मनाच्या त्रासासाठी सरकारी हेल्पलाइन, फुकट हाये, रात्री बी लागते, मराठीत बोलतात. लेकरांसाठी १०९८ ही हेल्पलाइन बी हाये. अन तिले "तू कायले फोटो टाकला" कोनीच म्हनू नका

ताई अमरावती: अन बाबू, तू वाचून राह्यला माहीत हाये मले. त्या फोटोखाली तुही बी हसाची स्मायली हाये, स्क्रीनशॉटात दिसते

बाबू: ताई मले नव्हतं मालूम आपली हाये म्हनून

ताई अमरावती: दुसऱ्याची असती त?

बाबू: तुले पर्सनलवर बोलू?

ताई अमरावती: माह्यासंग नाही, तिच्यासंग बोल. कोन पाठवलं थे बी सांग

मामी: दळन आनाले गेली ते. आली का सांगतो