नेणारा माणूसही पत्राचाच भाग

बायबलच्या नव्या करारात पौल या ख्रिस्ती प्रेषिताने गावोगावच्या मंडळ्यांना लिहिलेली पत्रं आहेत. एकांनी लिहिलंय की या पत्रांचं सगळं बळ त्याच्या लेखणीत होतं, पत्र नेणारा म्हणजे नुसता हरकारा. मला हे अजिबात पटत नाही. त्या काळी रोमची टपालव्यवस्था सरकारी कामापुरती. सामान्यांना त्या गावी जाणारा भरवशाचा माणूसच गाठावा लागे. त्यात खोट्या पत्रांची धास्ती. थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तसा इशाराच आहे, आणि खूण म्हणून शेवटचा सलाम पौलाने स्वतःच्या हाताने लिहिलाय.

करिंथजवळच्या किंख्रिया बंदरातल्या मंडळीची सेविका फिबी बघा. रोमकरांस पत्राच्या १६व्या अध्यायात पौल तिची शिफारस करतो. ते पत्र तिनेच नेलं असं बहुतेक अभ्यासक मानतात. मग रोममध्ये लोकांनी शंका विचारल्या असतील त्या कुणाला? समोर तीच होती! कलस्सैकरांना तर पौल सरळ कळवतो, माझं वर्तमान माझा सोबती तुखिक सांगेल. म्हणजे निम्मा मजकूर माणसाच्या तोंडी.

आणि एपफ्रदीत. हा फिलिप्पै गावच्या मंडळीचा माणूस, तिची मदत घेऊन कैदेतल्या पौलाकडे आला, आजारी पडून मरता मरता वाचला. आपल्या आजारपणाची बातमी गावी पोचली, याचाच त्याला घोर लागला होता. ही ओळ वाचताना मला दरवेळी भरून येतं.