मदत हवी आहे: आई ६६ वर्षांची, पेन्शन चालू, तरी बँक कर्जाचा अर्जच घेत नाही

नमस्कार मंडळी,

आईसाठी विचारते आहे. ती जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाली. वय ६६, पेन्शन साधारण ४१ हजार, दुसरं कुठलंही कर्ज नाही. वडील नाहीत. वाई तालुक्यात गावठाणात तिच्या स्वतःच्या नावावर घर आहे. वासे वाळवीने पोखरलेत आणि न्हाणीघर परसात असल्यामुळे भर पावसात, रात्री-अपरात्री तिला बाहेर जावं लागतं. छप्पर आणि घरातच बाथरूम, असा मिळून ६ लाखांचा अंदाज गवंड्याने दिलाय.

एका राष्ट्रीयीकृत बँकेत ती सगळी कागदपत्रं घेऊन गेली. तिथल्या साहेबांनी फाईल उघडलीही नाही. "आजी, या वयात कर्ज कशाला? मुलगा नाहीतर जावई सहकर्जदार असेल तर बघू." मी मुलगी, नोकरी करते, सही करायला तयार आहे, माझं नावसुद्धा विचारलं नाही. आणि खरं सांगायचं तर आईला कुणाचीच सही नकोय. आयुष्यभर पगार तिने स्वतः कमावला, घर तिचं, पेन्शन तिची. "मुलांच्या जिवावर घेतलेलं कर्ज माझं कसं?" असं ती विचारते आणि मला ते शंभर टक्के पटतं.

थोडं वाचलं त्यात गोंधळ वाढला. रिझर्व्ह बँकेने २००३ साली कर्जदात्यांसाठी उचित व्यवहार संहिता काढली. त्यात कर्ज देताना लिंग, जात आणि धर्म यांवरून भेदभाव करू नये असं आहे. वयाचा उल्लेखच नाही. घटनेच्या कलम १५ मध्येही वय नाही. पण रिझर्व्ह बँकेच्याच डिसेंबर २०१४ च्या ग्राहक हक्क सनदेत पहिलाच हक्क न्याय्य वागणुकीचा आहे, आणि तिथे लिंग, धर्म, जात, शारीरिक क्षमता यांच्या जोडीला वय स्पष्ट लिहिलंय. मग बँकेला "वय जास्त" एवढंच कारण देता येतं का? तक्रार कुठे आणि कशी करायची? कुणी अनुभवातून गेलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद: निवृत्त बँकर

ताई, आईंना आधी सांगा की नकार अजून मिळालेलाच नाही. अर्ज घेतला नाही म्हणजे बँकेच्या दफ्तरी काही घडलंच नाही. लेखी अर्ज द्या आणि तारीख-शिक्क्यासह पोच घ्या. पोच देणं त्याच संहितेप्रमाणे बंधनकारक आहे. नाकारलं तर मुख्य कारण लेखी कळवावं लागतं. आधी हा नियम २ लाखांपर्यंतच्या कर्जांना होता, मार्च २००७ पासून रकमेची अट गेली.

लेखी कारणाचा आग्रह एवढ्यासाठी, की तोंडी "वय" म्हणतात आणि खरी अडचण बऱ्याचदा वेगळी असते. गावठाणातलं घर म्हणजे तुमच्याकडे ग्रामपंचायतीचा नमुना आठचा, म्हणजे घरपट्टीच्या नोंदीचा उतारा असणार. तो तारण म्हणून घ्यायला अनेक शाखा नाखूश असतात. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी होऊन मालमत्ता पत्रक मिळतं. तुमच्या गावाचं झालंय का ते भूमी अभिलेख कार्यालयात विचारा.

आता बँकेची बाजू. निवृत्तिवेतनधारक गेला की पती किंवा पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. आईंच्या बाबतीत वडील नाहीत, म्हणजे हप्त्याचा स्रोत थांबू शकतो. ही भीती खोटी नाही. पण तिच्यावर उतारा मुदत कमी करणं हा आहे, माणसाला दारातून परत पाठवणं नव्हे. १० टक्के व्याज धरा: ६ लाखांना ५ वर्षांचा हप्ता पावणेतेरा हजारांच्या आसपास येतो. पेन्शनच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी, आणि कर्ज ७१ व्या वर्षी संपतं. अर्जात हे गणित स्वतःच मांडा. १५ वर्षांचं मागितलंत तर मात्र वयाचा मुद्दा त्यांच्या बाजूने जाईल.

तक्रार आधी बँकेकडेच करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. इथे शब्द जपून वापरा. बँकेचा व्यावसायिक निर्णय लोकपालाच्या कक्षेत येत नाही, त्यामुळे "कर्ज दिलं नाही" लिहिलंत तर तक्रार परत येईल. "अर्ज स्वीकारला नाही, पोच दिली नाही, लेखी कारण दिलं नाही" असं लिहा, ही सेवेतली त्रुटी आहे. आणि मुलीऐवजी मुलगा-जावई मागितला हेही तारखेनिशी लिहा. तिथे तर २००३ च्या संहितेतलं "लिंग" थेट लागू होतं.

प्रतिसाद: न्यू जर्सीकर

इकडची माहिती देतो. अमेरिकेत समान पतसंधीचा कायदा १९७४ चा, त्यात वय १९७६ च्या दुरुस्तीने आलं. गुण देऊन पत ठरवताना ६२ वर्षांवरच्या अर्जदाराचे वयामुळे गुण कापता येत नाहीत, आणि अर्ज पूर्ण झाल्यावर ३० दिवसांत निर्णय कळवावा लागतो. मुदत ठरवताना मात्र वयाचा विचार चालतो. ३० वर्षांचं कर्ज नाकारलं तरी त्याच माणसाला कमी मुदतीचं मिळू शकतं. वरच्या काकांनी सांगितलं तेच तत्त्व.

धागाकर्ती

काका, मनापासून आभार. आईला वाचून दाखवलं. आमच्याकडे नमुना आठच आहे, हे कुणी बोललंच नव्हतं! मालमत्ता पत्रकाची चौकशी उद्याच करते, आणि ५ वर्षांच्या हप्त्याचं गणित अर्जाला जोडते.

आणखी एक मदत हवी. आईची पेन्शन जिल्हा बँकेत येते. पेन्शन जमा होते त्या बँकेत पेन्शन कर्ज सोपं जातं असं एका शेजाऱ्यांनी सांगितलं. पेन्शन खातं दुसऱ्या बँकेत हलवायचं असेल तर अर्ज पंचायत समितीच्या शिक्षण विभागात द्यायचा का? आणि मधल्या महिन्याची पेन्शन अडकते का? साताऱ्यात कुणी अलीकडे केलं असेल तर सांगा.