फ्रॅटर्निटीला मराठीत काय म्हणावं?

शेवंती:
एका दिवाळी अंकासाठी अमेरिकन लेखाचा अनुवाद करते आहे. मुलगा टस्कलूसाला, अलाबामा विद्यापीठात जातो आणि तिथल्या एका फ्रॅटर्निटीत, म्हणजे विद्यार्थी मुलांच्या निवडक सभासदांच्या संस्थेत, शिरतो, त्याबद्दलचा लेख. मी 'बंधुसंघ' लिहिलं होतं. संपादकांनी त्याचं 'बंधुता मंडळ' केलं, 'चॅप्टर'चं 'अध्याय' आणि 'बिड'चं 'बोली'. आता एक वाक्य असं झालंय: 'बंधुता मंडळाच्या अध्यायाने त्याला बोली दिली.' यातून वाचकाला काय कळणार?

प्रकार थोडक्यात असा. सुरुवातीला 'रश', म्हणजे इच्छुक मुलं वेगवेगळ्या फ्रॅटर्निट्यांच्या घरी जातात, गप्पा मारतात, सभासद त्यांना जोखतात. जो पसंत पडेल त्याला 'बिड', म्हणजे सभासद होण्याचं रीतसर बोलावणं. त्याने हो म्हटलं की तो 'प्लेज'. मग काही आठवडे शिकाऊ म्हणून काढायचे, संस्थेचा इतिहास आणि सभासदांची नावं पाठ करायची, आणि शेवटी गुप्त विधी होऊन पक्का सभासद. 'चॅप्टर' म्हणजे त्या विद्यापीठातली शाखा. एवढ्या पाच शब्दांना मराठी शब्द हवेत.

निरुक्त:
चॅप्टरला 'शाखा' म्हणा, त्यात वादच नको. फ्रॅटर्निटीसाठी 'भ्रातृमंडळ' घ्या. लॅटिन 'फ्राटेर' आणि संस्कृत 'भ्रातृ' एकाच मुळाचे, आणि आपला 'भाऊ'सुद्धा प्राकृत 'भाउ'मधून तिथेच पोचतो. ग्रीकांकडे 'फ्राट्रिया', म्हणजे नात्यातल्या कुळांचा गट, होती. अथेन्समध्ये अपाटुरिया नावाच्या सणात मुलाचं नाव बापाच्या फ्राट्रियात घालत. अमेरिकन मुलं संस्थेला ग्रीक अक्षरं लावतात, तेव्हा शब्द एका अर्थी माहेरी येतो.

गोदातीर:
माहेरी येत नाही. ग्रीक अक्षरांचा आणि फ्राट्रियाचा काही संबंध नाही. ५ डिसेंबर १७७६ला व्हर्जिनियात विल्यम अँड मेरी कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी फाय बीटा कप्पा काढली. ती तीन अक्षरं ग्रीक ब्रीदवाक्यातल्या शब्दांची आद्याक्षरं आहेत. ब्रीद गुप्त, म्हणून नुसती अक्षरं. पुढे १८२५मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या युनियन कॉलेजात कप्पा अल्फा निघाली आणि तो नमुना देशभर गेला.

आणि 'भ्रातृमंडळ' कोण बोलणार? तिकडे शिकणारी मराठी मुलं 'फ्रॅट' म्हणतात, त्यांचे आईबापही 'फ्रॅट' म्हणतात. 'फ्रॅटर्निटी' तसंच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात समजावून सांगा. टेबल आणि स्टेशन आपण असेच घेतले.

निरुक्त:
'मेयर'ही तसाच ठेवता आला असता. सावरकरांनी 'महापौर' दिला आणि आज तो शब्द कोणाला परका वाटत नाही. घडवल्याशिवाय शब्द रुळणार कसा?

पंचगंगा:
संस्कृतात कशाला जायचं? कोल्हापुरात या, हीच गोष्ट डोळ्यांनी दिसेल. तालीम. मूळ अरबी शब्द, अर्थ शिक्षण. मराठीत तो कुस्तीच्या आखाड्याला लागला, नाटकाच्या सरावाला लागला, आणि आमच्या पेठांत त्याचा अर्थ 'आपली माणसं' असा झाला. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम. आज यांचे फुटबॉल संघ शाहू स्टेडियमवर खेळतात, गणपती बसवतात, सुखदुःखाला धावतात. माझे वडील आयुष्यात कधी लाल मातीत उतरले नाहीत, पण 'मी अमुक तालमीचा' ही त्यांची ओळख शेवटपर्यंत होती. स्वतःची इमारत, वर्गणी, थोरल्यांनी धाकट्यांना वळण लावणं, दुसऱ्या तालमीशी पिढ्यान् पिढ्यांची ईर्षा, सगळं आहे. शेवंतीताई, बिनधास्त 'तालीम' लिहा.

शेवंती:
पंचगंगा, फार आवडलं. पण तालमीत मुलगा पेठेमुळे येतो ना? इथे निवड होते. नको असलेल्याला बोलावणं येत नाही, आणि लेखातला सगळा ताण त्यातच आहे.

ह्यूस्टनकर:
शेवंती यांनी नेमकं सांगितलं. माझा मुलगा ऑस्टिनला टेक्सास विद्यापीठात होता. पन्नास हजारांच्या घरात विद्यार्थी, वर्गात शेकडो मुलं, प्राध्यापकाला नाव माहीत नाही. पहिल्या दोन महिन्यांत तो फोनवर नुसता 'ठीक आहे' म्हणायचा. मग तो दक्षिण आशियाई मुलांच्या एका फ्रॅटर्निटीत गेला. या संस्था १९९०च्या दशकात उभ्या राहिल्या. त्यातली डेल्टा एप्सिलॉन साय १९९८ला ऑस्टिनमध्येच सुरू झाली. त्याला एक 'बिग', म्हणजे थोरला भाऊ, नेमून दिला होता. तो तेलुगू. मुलाला ताप आला तेव्हा रात्री तोच दवाखान्यात घेऊन गेला, आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. त्यामुळे तुम्ही कोणताही शब्द घ्या, पण त्यात 'भाऊ' असू दे ही विनंती.

सुटे शब्द: ड्यूजला 'वर्गणी' चालेल. 'बिग' आणि 'लिटल'ला थोरला आणि धाकटा. 'लेगसी' म्हणजे ज्याचे वडील किंवा भाऊ आधी त्याच संस्थेत होते तो. याला मला शब्द सुचला नाही.

मधली_आळी:
'भाऊ' घ्यायचा तर जपून. 'भाऊबंद' म्हटलं की मराठी माणसाला 'भाऊबंदकी' ऐकू येते, आणि तिचा अर्थ भांडण. बांधावरून, वाटणीवरून. ज्या भाषेत भावांच्या नात्यापासून कज्जाचा शब्द तयार झाला, तिथे 'बंधुसंघ' वाचून आपोआप माया वाटेल असं धरून चालू नका.

निळाई:
मला संपादकांच्या 'बंधुता'वर तीव्र आक्षेप आहे. हा शब्द संविधानाच्या उद्देशिकेतला आहे: व्यक्तीची प्रतिष्ठा आणि राष्ट्राची एकता आणि एकात्मता यांचं आश्वासन देणारी बंधुता. स्वातंत्र्य, समता, बंधुता ही त्रयी आपण फ्रेंच राज्यक्रांतीतून नाही, बुद्धाच्या शिकवणीतून घेतली, असं बाबासाहेबांनी १९५४ साली आकाशवाणीवर सांगितलं होतं. बंधुता सगळ्यांशी असते. मतदान करून ज्यांना आत घ्यायचं आणि ज्यांना दाराबाहेर ठेवायचं, त्या व्यवस्थेला हा शब्द देऊ नये.

इतिहासही बघा. गोऱ्यांच्या संस्थांची दारं बंद होती, म्हणून १९०६मध्ये कॉर्नेलला कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी अल्फा फाय अल्फा काढली. मार्टिन ल्यूथर किंग पुढे तिचे सभासद झाले. आणि शेवंती, तुमच्या लेखातल्याच अलाबामा विद्यापीठात २०१३मध्ये गोऱ्या मुलींच्या सोरोरिट्यांनी (मुलींच्या अशाच संस्थांनी) कृष्णवर्णीय मुलींना डावलल्याचं विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्राने छापलं, आणि देशभर बोभाटा झाला. याला बंधुता म्हणायचं?

गोदातीर:
निळाई, मुद्दा पटतो. पण इंग्रजीतही उद्देशिकेतला शब्द आणि या संस्थांचा शब्द एकच आहे. मुळातच तो विरोध असेल तर अनुवादाने तो का लपवायचा?

निळाई:
कारण मराठीत तो विरोध नाही, आणि आपण हाताने आणू नये. आमच्या वस्तीत उद्देशिका मुलांकडून मोठ्याने वाचून घेतात. त्यांच्या तोंडी 'बंधुता' या शब्दाचा जो अर्थ आहे तो मला तसाच राहायला हवा आहे.

जुनी_मुंबई:
'मंडळी' का नको? परमहंस मंडळी आठवा. १८४९, मुंबई, दादोबा पांडुरंग वगैरे. गुप्त संस्था, जातिभेद मोडण्यासाठी. आत येणाऱ्याला ख्रिस्ती माणसाने केलेला पाव खावा लागे, मुसलमानाच्या हातचं पाणी प्यावं लागे. १८६०च्या सुमारास सभासदांची नावं फुटली आणि लोकनिंदेच्या भीतीने मंडळी मोडली. गुपित, प्रवेशाचा विधी, आपसातला विश्वास, हे सगळं मराठीत तेव्हा एका साध्या शब्दात मावलं होतं.

मधली_आळी:
आज 'मंडळी' म्हणजे 'चला मंडळी, जेवायला बसा'. आणि माझ्या आजोबांच्या तोंडी 'आमची मंडळी' म्हणजे आजी.

पंचगंगा:
प्लेजला मात्र मराठीत तयार शब्द आहे: उमेदवार. निवडणुकीतला नाही, कारखान्यातला. 'दोन वर्षं उमेदवारी केली' म्हणजे हाताखाली राहून काम शिकला. फारसी 'उमेद' म्हणजे आशा. तो मुलगा आशेवरच असतो.

निरुक्त:
अर्थ बरोबर, पण उमेदवारीत शपथ नाही. प्लेज वचन देतो. गाण्यात शिष्याला गंडा बांधतात, वारकरी माळ घालतो. 'माळ घातली' म्हटलं की नियम आले, जबाबदारी आली. तसा काहीतरी शब्द हवा.

निळाई:
माळ नको. माळ घालणाऱ्याला कोणी रात्रभर दारू पाजत नाही. तिथे प्लेज मुलं यात मेली आहेत. सिग्मा अल्फा एप्सिलॉन ही संस्था अलाबामा विद्यापीठातच १८५६ला निघाली. तिने २०१४मध्ये प्लेजचा टप्पाच बंद केला, तो याचमुळे.

ह्यूस्टनकर:
त्याला हेझिंग म्हणतात. आता तिकडे त्यावर संघराज्याचा कायदा झाला आहे, डिसेंबर २०२४मध्ये. पण त्याला 'रॅगिंग' लिहू नका. आपल्याकडचं रॅगिंग कोणत्याही नव्या मुलावर होतं, त्याने काही मागितलेलं नसतं. हेझिंग आत शिरायची किंमत म्हणून होतं आणि मुलगा ते सोसायला तयार होतो. पालक म्हणून मला त्या तयारीचीच भीती वाटायची.

गोदातीर:
महाराष्ट्राचा १९९९चा कायदासुद्धा 'रॅगिंग'च म्हणतो, मराठीतही. तेव्हा परका शब्द कायद्यात चालतो आणि अनुवादात चालत नाही, हे मला कळत नाही.

निरुक्त:
सोरोरिटीचा विचार कोणीच केला नाही. शब्द अलीकडचा आहे. १८८२च्या सुमारास सिरॅक्यूज विद्यापीठातल्या लॅटिनच्या प्राध्यापकाने तो सुचवला. त्याआधी निघालेली कप्पा अल्फा थीटा, १८७०ची, आजही स्वतःला मुलींची फ्रॅटर्निटीच म्हणवते. लॅटिन 'सोरोर' म्हणजे संस्कृत 'स्वसृ', पण मराठीत त्याचा वंश नाही. बहीण 'भगिनी'वरून आली.

मधली_आळी:
'भगिनी मंडळ' आहे की गावोगाव. पापड-लोणची करणारं.

निळाई:
फक्त पापड-लोणची नाही. आमच्या भगिनी मंडळाने दारूचं दुकान बंद पाडलं आहे.

शेवंती:
चॅप्टरला 'शाखा' आणि प्लेजला 'उमेदवार' करून संपादकांना पाठवते. 'बंधुता' काढायला सांगते आहे. फ्रॅटर्निटीचं अजून ठरत नाही. रश आणि बिड तर तसेच राहिले. बिडला 'आमंत्रण' फार लग्नासारखं वाटतं का?

पंचगंगा:
'बोलावणं' म्हणा. आमच्याकडे तालमीतून बोलावणंच येतं.